एकाच मिडरेंजची तीन वजनं: फरक अंतरात शोधू नका

मुंबईत डिस्क गोल्फकडे (डिस्क फेकून टोपलीत घालायचा खेळ) वळणारी बरीच मंडळी आधी अल्टिमेट (फ्रिस्बीचा सांघिक खेळ) खेळलेली असतात. १७५ ग्रॅम हा आकडा त्यांच्या हाताला इतका सवयीचा झालेला असतो की पहिली मिडरेंजही (मध्यम अंतराची डिस्क) ते डोळे झाकून १७५ चीच मागवतात. घोळ इथेच सुरू होतो. अल्टिमेटची डिस्क साधारण २७ सेंटिमीटर रुंद असते, बझ किंवा रॉकसारखी मिडरेंज २१.७ सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम, हे काढून बघा. अल्टिमेटच्या डिस्कवर सुमारे ०.३०, १७५ च्या मिडरेंजवर ०.४७, आणि ज्या १५० ग्रॅमच्या मिडरेंजला सगळे 'पोरांची डिस्क' म्हणून हिणवतात तिच्यावरही ०.४१. म्हणजे सगळ्यात हलकी मिडरेंजसुद्धा अल्टिमेटच्या डिस्कपेक्षा हवेला जड पडते. 'हलकी डिस्क वाऱ्यावर भरकटेल' ही भीती अल्टिमेटच्या अनुभवातून आलेली असते. ती अगदीच चुकीची नाही, पण मोजून-मापून घ्यायला हवी.

नियमाची चौकट आधी सांगतो. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या व्यावसायिक संघटनेच्या मानकांनुसार डिस्कच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम चालतात, आणि काही झालं तरी २०० ग्रॅमच्या वर नाही. २१.७ ला ८.३ ने गुणलं की १८०.१ ग्रॅम येतात. बझवर १८० पेक्षा मोठा आकडा दिसत नाही तो यामुळे. २१.२ सेंटिमीटरच्या पटरला (जवळून टोपलीत टाकायची डिस्क) हीच मर्यादा १७६ वर येते. त्यामुळे 'मॅक्स वेट' म्हणजे ठरावीक ग्रॅम नव्हे. ज्या त्या मोल्डचा (साच्याचा, म्हणजे मॉडेलचा) मॅक्स वेगळा, म्हणून वजनांची तुलना एकाच मोल्डमध्ये केली तरच तिला अर्थ आहे.

आणि नुसता मोल्ड एक असून भागत नाही. वजनाबद्दलचे बहुतेक वाद मला फोल वाटतात ते यासाठीच, की दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्लास्टिकबद्दल भांडत असतात. प्रीमियम झेड प्लास्टिकची नवी १७७ ची बझ आणि वर्षभर दगडांवर आपटलेली साध्या डी प्लास्टिकची १६६ ची बझ शेजारी फेकायची, हलकी जास्त उजवीकडे गेली की 'बघा, वजनाचा फरक' म्हणायचं. त्या फरकात वजनाचा वाटा किती आणि झिजेचा किती, हे कोणालाच सांगता येणार नाही. साधं प्लास्टिक आपटून आपटून लवकर बसतं, रिमची खालची कड गोल होते आणि डिस्क अंडरस्टेबल (उजव्या हाताने फेकल्यास सहज उजवीकडे वळणारी) होत जाते. शिवाय एकाच मोल्डच्या दोन खेपांमध्येही डोमची (वरच्या फुगवट्याची) उंची वेगळी येते, रिमवरची साच्याची शिवण कुठे वर तर कुठे खाली असते. शिवण वर असली की डिस्क जास्त स्टेबल, खाली असली की कमी.

तपासायला फार काही लागत नाही. दोन्ही डिस्क गुळगुळीत लादीवर किंवा काचेवर शेजारी ठेवा आणि स्टीलची पट्टी उभी धरून शिवणीची उंची बघा. अर्धा-एक मिलिमीटरचा फरक दिसला तर ती जोडी वजनाच्या तुलनेसाठी बाद. लादीवर ठेवल्यावर डिस्क डुगडुगत असेल तर ती वाकलेली आहे, तीही बाद. काळ्या बॅगेत, उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवलेल्या डिस्क आपल्याकडे सर्रास वाकतात. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून सपाट जागी दाबून ठेवल्या की बऱ्याचशा सरळ होतात, पण तुलनेसाठी त्या वापरू नयेत. शेवटचं म्हणजे तळाशी शाईने लिहिलेल्या वजनावर विसंबू नका. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. लिहिलेलं आणि भरलेलं यांत ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक निघणं नवलाचं नाही. १६८ आणि १७० मधला 'फरक' सांगणाऱ्याने आधी डिस्क काट्यावर ठेवावी.

आता मुख्य मुद्दा. डिस्क कशी उडेल हे सांगणारे फ्लाइट नंबर चार असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. बझचे ५, ४, उणे १, १. रॉकचे ४, ४, ०, ३. मॅको३ चे ५, ५, ०, ०. या चार आकड्यांत वजन कुठेच नाही. वजन कमी केल्यावर हलतो तो प्रामुख्याने तिसरा आकडा, म्हणजे टर्न. लोक मात्र टेप घेऊन अंतर मोजत बसतात.

असं का होतं ते समजून घेतलं की बाकीचं आपोआप उलगडतं. उजव्या हाताच्या बॅकहँडला डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. सुरुवातीला वेग भरपूर असतो आणि हवेला सामोरा जाणारा कोन लहान असतो. तेव्हा हवेचा उचलता जोर डिस्कच्या मध्याच्या थोडा मागे लागतो आणि नाक, म्हणजे पुढची कड, खाली दाबलं जातं. डिस्क फिरत नसती तर नाकावर पडली असती. फिरत्या भोवऱ्याला बोट लावलं की तो बोटाच्या दिशेने न झुकता आडवा कलतो, तसंच इथे घडतं: नाकावरच्या दाबाचं रूपांतर उजवीकडच्या कलण्यात होतं. हा झाला टर्न. वेग उतरला की डिस्क खाली बसू लागते, कोन वाढतो, उचलता जोर मध्याच्या पुढे सरकतो, नाक वर ढकललं जातं आणि डिस्क डावीकडे कलते. हा फेड. डावखुऱ्यांनी आणि फोरहँडवाल्यांनी सगळं उलट वाचावं.

यात वजन येतं ते असं. हवेचा जोर डिस्कच्या आकारावर आणि वेगावर ठरतो, त्याला वजनाशी देणंघेणं नाही. पण त्या जोराला विरोध करणारी फिरकीची ताकद वजनावर अवलंबून असते. आकार तोच, वेग तोच, फिरकी तीच धरली तर १५० ची डिस्क १८० च्या तुलनेत २० टक्के जास्त वेगाने कलते. जड डिस्क जिथे १५ अंश उजवीकडे झुकेल तिथे हलकी १८ अंश झुकेल. त्यात भर म्हणजे हलक्या डिस्कला हवेत राहायला कमी उचल लागते, म्हणून ती आणखी लहान कोनात उडते, आणि लहान कोनात नाक अधिक दाबलं जातं. वर हाताने तिला थोडा जास्त वेगही दिलेला असतो. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला ओढतात. माझा ढोबळ ठोकताळा: मिडरेंजमध्ये १० ग्रॅम कमी म्हणजे टर्नच्या आकड्यात साधारण अर्धा उणे. हा ठोकताळाच आहे, हात बदलला की तोही बदलतो.

अंतराचं काय? इथे दोन गोष्टी एकमेकींना खातात. हाताने तेवढीच ऊर्जा दिली तर १५० ची डिस्क १८० पेक्षा साडेनऊ टक्के जास्त वेगाने सुटायला हवी. प्रत्यक्षात तेवढं कधीच मिळत नाही, कारण आपण फेकताना डिस्कबरोबर अख्खा हात फिरवत असतो आणि हाताचं वजन काही कमी झालेलं नसतं. जो थोडाफार जादा वेग मिळतो तो हवा लवकर गिळते. तेवढ्याच अवरोधाने १५० ची डिस्क १८० पेक्षा २० टक्के वेगाने मंदावते. मग हलक्या डिस्कच्या पदरात पडतं काय, तर तरंगणं. त्याच कोनात स्वतःला पेलायला तिला सुमारे ९ टक्के कमी वेग पुरतो, त्यामुळे शेवटचा टप्पा ती लांबवते. ज्याची मिडरेंज ५०-६० मीटरच्या आत पडते त्याला हे तरंगणं खरोखर उपयोगी पडतं आणि अंतर वाढल्याचं दिसतं. ८०-९० मीटर सहज फेकणाऱ्याच्या हातात तीच हलकी डिस्क उजवीकडे वळत राहते, परत येत नाही, आणि सरळ रेषेतलं अंतर उलट घटतं. 'हलकी लांब जाते' आणि 'जड लांब जाते' ही दोन्ही विधानं म्हणूनच आपापल्या हातापुरती खरी आहेत.

फेडबद्दल जरा जपून बोलायला हवं. हलक्या डिस्कचा फेड कमी असतो असं सरसकट म्हटलं जातं. खरं तर ती शेवटी कलते तीही चटकनच. पण आधी ती जास्त उजवीकडे गेलेली असते, डाव्या बाजूला यायला तिला जास्त कलावं लागतं, आणि पुढे ढकलणारा जोर संपलेला असल्यामुळे ती हळूच खाली बसते. पाहणाऱ्याला वाटतं फेड नाही. जड डिस्क मात्र फेडमध्येही पुढे रेटत जाते आणि कडक मैदानावर आपटून डावीकडे आणखी चार-सहा मीटर घसरते. ही घसरण उड्डाणाचा भाग नाही, पण अंतराच्या आकड्यात गुपचूप मिसळते.

म्हणून तुलना कुठे करायची हा प्रश्न महत्त्वाचा. शिवाजी पार्कची लाल माती उन्हाळ्यात वाजते तेव्हा तिथे घसरण फार. त्यापेक्षा ओहोटीच्या वेळची जुहूची ओली, दाबलेली वाळू उत्तम. डिस्क जिथे टेकते तिथे कडेची खूण उमटते. घसरण वेगळी आणि टेकल्याची जागा वेगळी, दोन्ही मोजता येतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत ओहोटीला किनारा सगळ्यात रुंद उघडा पडतो. रोज ओहोटी साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, तेवढं वेळापत्रक बघून निघावं. फेकायचं ते किनाऱ्याच्या लांबीला समांतर. समुद्राकडे अजिबात नाही, कारण प्रीमियम प्लास्टिकची मिडरेंज पाण्यात तळ गाठते.

वाऱ्यात तुलना करायची नसते, निदान पहिली तरी. शाळेच्या भूगोलात घोकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. मुंबईत पावसाळा सोडला तर पहाटे हवा जवळपास थिजलेली असते किंवा जमिनीकडून मंद मतलई वारा असतो. दुपारकडे पश्चिमेचा, वायव्येचा खारा वारा धरतो तो संध्याकाळपर्यंत. वजनाची तुलना सकाळी साडेसातच्या आत उरकावी. तेव्हा मैदानावर गर्दीही कमी असते, आणि डिस्कची कड कोणाच्या कानशिलावर बसली तर ती अल्टिमेटच्या डिस्कसारखी माफ करत नाही. मोबाइलवर दिसणारा सांताक्रूझचा किंवा कुलाब्याचा वाऱ्याचा आकडा तुमच्या मैदानाला लागू होईलच असं नाही. काठीला एक हलकी रिबन बांधून खांद्याच्या उंचीवर रोवा, ती लोंबत असेल तोवर फेका.

फेकण्याची रीत अशी. तीन वजनं घ्या, साधारण १५५, १६७ आणि १७८ च्या आसपास. एकाच वजनाचे सगळे थ्रो सलग मारू नका. हलकी, मधली, जड, मग उलटं जड, मधली, हलकी, असं फिरवत राहा, म्हणजे हाताचा थकवा आणि हळूहळू बदलणारा वारा तिन्हींवर सारखा वाटला जातो. प्रत्येक थ्रोच्या दोन नोंदी: सरळ रेषेत किती मीटर आणि त्या रेषेपासून डावी-उजवीकडे किती. दुसरी नोंद लोक घेतच नाहीत, आणि उत्तर नेमकं तिच्यातच असतं. बांधकामवाले वापरतात ती ५० मीटरची टेप नागदेवीला हार्डवेअरच्या दुकानात मिळते. हातातून घसरलेला, डगमगत गेलेला थ्रो लगेच बाद करा, आकडा बघून झाल्यावर नव्हे. शेवटी सरासरीपेक्षा मधला आकडा धरा, एखाद्या भलत्या थ्रोने तो बिघडत नाही. आणि एकाच डिस्कचे थ्रो आपापसातच आठ-दहा मीटरमध्ये विखुरत असतील, तर दोन वजनांमधल्या दोन मीटरच्या फरकावर ब्लॉग लिहू नका.

मोबाइलचा स्लो-मोशन इथे फार कामाचा. सेकंदाला २४० फ्रेम घेणारा कॅमेरा बाजूला, फेकणाऱ्याच्या कमरेच्या उंचीवर ठेवा आणि मागे एक मीटरची खूण केलेली काठी आडवी धरा. ७२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने सुटलेली डिस्क एका फ्रेममध्ये ८ सेंटिमीटरच्या किंचित पुढे सरकते. १२ फ्रेममध्ये एक मीटर. डिस्कवर मार्करने मधून कडेपर्यंत एक जाड रेघ मारली की फिरकीही मोजता येते: एक फेरी १४-१५ फ्रेममध्ये पूर्ण झाली तर मिनिटाला सुमारे हजार फेरे. हे बघितल्यावर पुष्कळदा असं निघतं की हलकी डिस्क जास्त उजवीकडे गेली ती वजनामुळे नव्हे, तर तिला सोडताना मनगट बाहेर कलल्यामुळे. हलकी आहे म्हणून जोरात फेकायचा मोह होतो, खांदा उघडतो आणि अनहायझर (उजवी कड खाली) आपोआप लागतो.

वाऱ्यातलं गणित सरळ आहे, पण आकडे डोळे उघडणारे आहेत. ७० च्या वेगाने फेकलेल्या डिस्कला समोरून १५ किलोमीटरचा वारा असेल तर हवेच्या हिशेबाने ती ८५ ने चाललेली असते. जोर वेगाच्या वर्गावर वाढतो, म्हणजे ४७ टक्के जास्त. पाठीमागून तोच वारा असेल तर वेग ५५ उरतो आणि जोर ३८ टक्के घटतो. समोरच्या वाऱ्यात प्रत्येक डिस्क अंडरस्टेबल होते आणि हलकी त्यात पहिली उलटते. पाठीमागच्या वाऱ्यात प्रत्येक डिस्क लवकर बसते आणि डावीकडे ओढली जाते. तिथे १६० च्या आतली बझ मजेत तरंगत जाते आणि १७८ ची दगडासारखी पडते. दुपारी शिवाजी पार्कवर समुद्राकडे तोंड करून १५५ काढणं म्हणजे शुद्ध हट्ट.

आडव्या वाऱ्यात वजनापेक्षा डिस्कचा कोन जास्त बोलतो. ओव्हल मैदान उत्तर-दक्षिण लांब आहे. चर्चगेटकडे तोंड करून फेकलं तर खारा वारा डावीकडून येतो. हायझरवर सोडलेल्या डिस्कची डावी कड खाली असते, म्हणजे हा वारा तिच्या पाठीवर बसतो आणि तिला खाली दाबतो. उलट्या दिशेने, कुपरेजकडे फेकलं तर वारा उजवीकडून येतो, उघड्या पोटात भरतो आणि डिस्क उचलून डावीकडे नेतो. हलकी असेल तर हे नेणं कुठल्या कुठे जातं. पश्चिमेच्या इमारतींच्या रांगेमुळे तिथला वारा मध्येच तुटतो आणि वळसे घेतो, त्यामुळे तिथले आकडे मी तुलनेसाठी कधीच धरणार नाही.

जाता जाता हवेबद्दल आणखी एक. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. तिकडे तीच डिस्क थोडी कमी टर्न घेते आणि लवकर बसते. पुण्याच्या मित्राने '१६५ एकदम सरळ जाते' म्हणून सांगितलं तर मुंबईत ती किंचित जास्त उजवीकडे जाईल, हे धरून चाला.

आपल्याकडच्या घामाचा मुद्दाही वजनाशी थेट जोडलेला आहे. सेकंदाला २० मीटरच्या वेगाने, साधारण ६० सेंटिमीटरच्या कमानीत फिरणारी १८० ची डिस्क सुटण्याच्या क्षणी बोटांवर सुमारे १२ किलो वजनाइतकी ओढ देते. १५० ची डिस्क १० किलोइतकी. मे महिन्यातल्या दमट सकाळी ओल्या बोटांनी हे दोन किलो फार मोठे ठरतात. जड डिस्क क्षणभर आधी निसटते आणि डावीकडे जाते. थ्रो डावीकडे गेला की लोक म्हणतात 'जड आहे, फेड जास्त', पण ती चूक पकडीची असते. दोन सुती पंचे ठेवा, एक हाताला आणि एक डिस्कला, आणि शक्यतो दर थ्रोआधी रिमची आतली बाजू पुसा. घाम साचतो तो तिथेच. पावसाळ्यात तर वजनाची तुलना करूच नये. नैर्ऋत्येचा वारा, ओली पकड आणि चिखल लागून वाढलेलं वजन, यांत काय कशामुळे झालं ते कळायला मार्ग नाही.

फोरहँडवाल्यांना वेगळं सांगतो. फोरहँडला वेगाच्या मानाने फिरकी कमी मिळते आणि सोडताना डगमग जास्त होते. फिरकी कमी म्हणजे कलणं जास्त, आणि डगमग हलक्या डिस्कवर ठळक दिसते. फोरहँडसाठी १७५ च्या खाली जायची गरज मला तरी दिसत नाही. रॉक३ सारखी मुळातच ओव्हरस्टेबल (सहज न उलटणारी) मिडरेंज असेल तर एक वेळ १७० चालेल.

एक पळवाटही आहे. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हेही बघावं. एमव्हीपी आणि अ‍ॅक्सिअम या कंपन्यांच्या डिस्कमध्ये रिमच्या बाहेरच्या भागाला वेगळ्या, जड प्लास्टिकचं कडं असतं. वजन कडेला गेलं की त्याच ग्रॅममध्ये फिरकीची ताकद वाढते. त्यामुळे अ‍ॅक्सिअमची १६५ ची हेक्स आणि १६५ ची बझ यांची तुलना वजनाची तुलना होत नाही.

घ्यायचं काय? मिडरेंज ६० मीटरच्या आत पडत असेल आणि खेळ मुख्यतः सकाळचा असेल तर १६० ते १६८. हायझरवर सोडली तर ती उठून सरळ होते आणि हाताला कोन शिकवते. ७० च्या पुढे जाणाऱ्यांनी १७५ ते १८०. दोन घेणार असाल तर एकाच मोल्डची, एकाच प्लास्टिकची १६५ आणि १७८ घ्या. वेगवेगळे मोल्ड गोळा करण्यापेक्षा हे बरं, कारण हातातली पकड तीच राहते आणि वाऱ्यानुसार फक्त डिस्क बदलायची. त्यांच्या मधलं तिसरं वजन घेण्यात पैसे घालवू नका. मागवताना '१७०-१७५' असा पट्टा देणाऱ्या विक्रेत्याला नेमका आकडा आधी विचारा. आपल्याकडे दुकानात जाऊन काट्यावर तोलून घ्यायची सोय सहसा नसते आणि परत पाठवण्याचा खर्च डिस्कच्या किमतीच्या जवळ जातो. आली की तोलून खरं वजन रिमच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहा. तळावर लिहू नका, मैदानाच्या मातीने ते महिन्याभरात पुसलं जातं.